अकरा दिवसांचं काम

शिवराज बिरादार हैदराबादला दिलसुखनगरच्या त्या ऑफिसात लागला तेव्हा तिथला सगळा कोड एका पेन ड्राइव्हवर हिंडायचा. रक्त-लघवी तपासणाऱ्या छोट्या लॅबांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी ती कंपनी. माणसं सात, खोल्या दोन, खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास. पेन ड्राइव्हमध्ये 'फायनल', 'फायनल नवा', 'फायनल खरा' अशा नावांचे फोल्डर, आणि कुणी कुणाचं काम पुसलं यावरून आठवड्याला एक तरी भांडण ठरलेलं. शिवराजनं एका शनिवारी कोपऱ्यातलं जुनं मशीन साफ केलं, त्यावर गिट नावाचं, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं आणि सगळ्यांच्या कामाचा एक मूळ साठा तिथं उभा केला. मग प्रत्येकाच्या खुर्चीवर बसून कमांड टाकायच्या काळ्या खिडकीत त्याचं नाव आणि मेल पत्ता टाकून दिला, म्हणजे जो जे बदलेल त्याच्यापुढे त्याचं नाव लागेल.

सोमवारपासून त्यानं शिकवायला घेतलं. बदल केला की 'ॲड', मग कारण दोन शब्दांत लिहून 'कमिट', आणि घरी जाण्याआधी 'पुश', म्हणजे आपलं मशीन जळालं तरी काम मूळ साठ्यात राहतं. शिकवताना तो वेगळाच माणूस असायचा. एकच गोष्ट पाच वेळा सांगायला लागली तरी त्याचा आवाज चढत नसे. सगळ्यात जास्त वेळ त्याला लागला तातेरावांना शिकवायला. तातेराव त्रेपन्न वर्षांचे. नांदेडकडून तरुणपणी हैदराबादला आलेले, डेटा एंट्री करत करत रिपोर्टांचे फॉरमॅट बनवायला शिकलेले. काळी खिडकी उघडली की ते चष्मा पुसायचे, मगच हात लावायचे. शिवराजनं त्यांच्यासाठी एका कागदावर कमांडा लिहून दिल्या. त्यांनी तो भिंतीला चिकटवला. वयानं एवढे मोठे असूनही ते शिवराजला सर म्हणायचे आणि शिवराज त्यांना काका.

पण शिवराजचा हात ऑफिसला ठाऊक होता. त्यानं दोन कीबोर्ड टेबलाच्या कडेवर आपटून मोडले होते. पार्सल उशिरा आणणाऱ्या माणसाला जिन्यात कॉलर धरून भिंतीला लावलं होतं. मालक म्हणायचा, दिमाग का गरम है, काम का सोना है, आणि विषय तिथंच संपायचा.

हात कुठून आला हे शिवराज जाणून होता. वडील हिम्मतराव बस डेपोत मेकॅनिक होते. उदगीरकडची शेती भावांवर सोडून हैदराबादला जामबागेत दोन खोल्यांत संसार मांडलेला. इंजिनाचा तुटलेला फॅन बेल्ट ते घरी घेऊन यायचे आणि तो दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला असायचा. मार्क कमी पडले, पाणी सांडलं, उलट उत्तर दिलं, कशालाही बेल्ट. शिवराजच्या पाठीवर त्याचे वळ आठ-आठ दिवस राहायचे. शाळेत त्यानं एका पोराला बाकावरून ढकलून त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, त्या संध्याकाळी हिम्मतरावांनी त्याला इतकं मारलं की तो दोन दिवस पालथा झोपला. मारून झाल्यावर वडिलांनी विचारलं, तो पोरगा तुझ्यापेक्षा मोठा होता का. शिवराज हो म्हणाला. हिम्मतराव मान डोलावून जेवायला बसले. ते मान डोलावणं शिवराजच्या डोक्यात रुतून बसलं.

एकोणिसाव्या वर्षी हिशोब फिरला. हिम्मतरावांनी आई पद्मावतीवर बेल्ट उचलला आणि शिवराजनं तो हात वरच्या वर धरला. धरला आणि पिरगाळला. वडील गुडघ्यावर आले तरी सोडला नाही. मनगटातून आवाज आला तेव्हा आईच किंचाळून मध्ये पडली. त्या दिवसानंतर घरात बेल्ट निघाला नाही. हिम्मतराव लेकाशी खालच्या आवाजात बोलायला लागले. शिवराजला वाटलं, आपण घर सुधारलं. पुढची पंधरा वर्षं त्याला असंच वाटत राहिलं, की त्याचा हात नेहमी काहीतरी सुधारायलाच उठतो.

बायको त्रिवेणीवर त्यानं दोनदा हात टाकला. पहिल्यांदा लेक सायली सहा महिन्यांची होती तेव्हा. दुसऱ्यांदा, सायली बघत होती. त्रिवेणी नारायणगुड्याला भावाकडे निघून गेली आणि महिन्यानं परत आली ती एकच गोष्ट सांगून, की तिसऱ्यांदा ती परत येणार नाही. ती ओरडली नाही, रडली नाही. शिवराजनं तिच्या पायाला हात लावला. त्यानंतर घरात त्यानं स्वतःला धरून ठेवलं. बाहेर मात्र सोडलं.

तो मार्च महिना होता. शिवराज एका नव्या भागावर काम करत होता. एखाद्या पेशंटचं पोटॅशियम किंवा साखर धोक्याच्या पातळीवर गेली की सॉफ्टवेअरनं डॉक्टरला आपणहून निरोप धाडायचा, असं ते काम होतं. अकरा दिवस तो त्याच्यावर बसला होता. रोज कमिट करत होता, पण पुश करत नव्हता. अर्धवट काम दुसऱ्यांच्या नजरेला पडलेलं त्याला आवडायचं नाही. इतरांना मात्र तो रोज पुश करा म्हणून बजावायचा.

बाराव्या दिवशी त्याला नारायणगुड्याच्या एका लॅबमध्ये जायचं होतं. निघताना तातेराव आले. त्यांच्या मशीनची हार्ड डिस्क सकाळीच गेली होती आणि एका लॅबच्या रिपोर्टात डॉक्टरांचं नाव चुकीचं छापलं जात होतं. लॅबवाले तासातासाला फोन करत होते. शिवराज म्हणाला, माझ्या मशीनवर बसा. त्यानं स्वतः पासवर्ड टाकून दिला आणि निघून गेला.

त्या लॅबकडे चालू होती ती आवृत्ती अकरा दिवसांपूर्वीची. तातेरावांना तीच समोर हवी होती. भिंतीवरच्या कागदावर शिवराजच्या अक्षरात लिहिलेलं होतं: जुन्या जागी जायचं तर गिट रिसेट हार्ड, पुढे त्या कमिटचा नंबर. तातेरावांनी चष्मा पुसला, नंबर बघून बघून टाकला, एंटर दाबलं. जुना रिपोर्ट समोर आला. त्यांनी नाव दुरुस्त केलं, कमिट केलं, लॅबला पाठवून दिलं. आपलं काम आपण कुणाला न विचारता केलं, याचा त्यांना आनंद झाला होता. ते शेजारच्या टेबलावरच्या रेणुकाला तसं म्हणालेही.

शिवराज चार वाजता परतला तेव्हा घामानं भिजलेला होता. लॅबच्या डॉक्टरनं त्याला पाऊण तास उभं ठेवलं होतं. आल्या आल्या त्यानं आपला कोड उघडला. फायली नव्हत्या. त्यानं बदलांची यादी दाखवणारं 'गिट लॉग' टाकलं. वरच्या ओळीवर त्याच्याच नावाखाली तातेरावांनी केलेला आजचा बदल, आणि त्याच्याखाली थेट अकरा दिवसांपूर्वीची तारीख. मधलं काही नाही.

तो उठला. रेणुका नंतर पोलिसांना म्हणाली, की तो उठला तेव्हा अजिबात रागावलेला वाटत नव्हता, पाणी प्यायला उठल्यासारखा उठला.

तातेराव खिडकीपाशी चहा पीत होते. शिवराजनं विचारलं, माझ्या मशीनवर काय केलं. तातेराव हसून सांगायला लागले. रिसेट हा शब्द त्यांच्या तोंडातून निघाला आणि पहिली थप्पड त्यांच्या डाव्या कानावर बसली. उघड्या तळव्याची, पूर्ण ताकदीची. चहाचा कप खिडकीच्या गजांवर फुटला. तातेराव भिंतीला धडकून खाली बसले आणि कान धरून म्हणाले, "सर, ऐका, सर, तुमच्या कागदावरचंच टाकलं."

ते ऐकून शिवराज थांबायला हवा होता. तो थांबला नाही. त्यानं त्यांना शर्टाला धरून उभं केलं आणि त्याच कानावर परत मारलं, मग तिसऱ्यांदा. आई-बहिणीवरून शिव्या देत होता. तातेरावांनी दोन्ही हात तोंडापुढे घेतले तेव्हा त्यानं त्यांना ढकललं. त्यांचा जबडा लोखंडी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला. तो आवाज सगळ्या खोलीनं ऐकला. शिवराजलाही तो ओळखीचा वाटला, वडिलांच्या मनगटातून आला होता तसा. तरी त्यानं पायाशी पडलेल्या माणसाला एक लाथ घातली, बरगडीत. मग ऑफिसातल्या दोघांनी त्याला मागून धरलं आणि त्यांच्यापैकी एकाचं नाक शिवराजच्या कोपरानं फुटलं.

कानातून रक्त येत होतं. तातेराव काही बोलू पाहत होते, पण जबडा हलत नव्हता. मालकानं गाडी काढली.

ते दवाखान्याकडे निघाले. शिवराज खुर्चीत बसून राहिला. त्याच्या हाताला ठणका लागला होता. रेणुका आली. ती त्याला कायम अन्ना, म्हणजे दादा, म्हणायची, आज म्हणाली नाही. त्याच्या मशीनपुढे उभ्या उभ्या तिनं 'गिट रिफ्लॉग' टाकलं. हे मशीन कोणत्या जागेवरून कोणत्या जागेवर गेलं, त्याची एकेक नोंद गिट स्वतःकडे निदान महिनाभर ठेवतं. लॉगमध्ये दिसेनासं झालेलं कमिटही तिथं सापडतं. तिनं तातेरावांचा बदल वेगळ्या फांदीवर, म्हणजे स्वतंत्र प्रतीत, बाजूला काढून ठेवला. मग यादीतला शिवराजच्या शेवटच्या कमिटचा नंबर उचलला आणि रिसेट हार्ड पुढे टाकला. तातेरावांनी वापरली तीच कमांड. अकरा दिवसांचं काम परत समोर उभं राहिलं, एक ओळ कमी नाही. तिला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"हे तुम्हीच शिकवलं होतं आम्हाला," रेणुका म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात."

शिवराजला ते आठवलं. रिफ्लॉगवर तो तासभर बोलला होता. घाबरू नका, कमिट केलेलं सहजासहजी मरत नाही, असं म्हणाला होता. आज मात्र लॉग बघितल्यापासून उठेपर्यंत ते त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि त्याला ते नको असेल. याचा त्यानं पुढे जेलमध्ये खूप विचार केला.

संध्याकाळी पोलीस आले. ठाण्यात दोघांनी त्याला बाकावर पालथा घातला आणि तळपायांवर लाठी चालवली. बुढ्ढे को मारता क्या, एवढंच ते म्हणत होते. शिवराजनं ओठ चावून धरले. दहाव्या-बाराव्या फटक्याला तो ओरडला. बेल्टच्या दिवसांत असंच व्हायचं, सुरुवातीला न रडण्याची जिद्द आणि मग ती सुटायची. फरक एवढाच की तेव्हा मारणाऱ्याचा त्याला राग यायचा. आज राग शोधूनही सापडला नाही.

तातेरावांचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. तारांनी बांधून दीड महिना ते नळीनं पेज प्यायले. डाव्या कानाचा पडदा फाटून आत खोलवर इजा झाली होती. त्या कानानं आता काही ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. जबाब घ्यायला आलेल्या फौजदारानं त्यांना विचारलं, जातीवरून काही बोलला का. तातेराव बौद्ध, शिवराज शेतकऱ्यांच्या घरचा, तेवढा एक शब्द असता तर केस फार जड झाली असती. शेजारपाजारच्यांनीही सांगून ठेवलं होतं की हो म्हणा. तातेरावांनी कागदावर लिहून दिलं: शिव्या घाण दिल्या, जातीवरून नाही दिल्या. जे झालं तेवढंच लिहा.

जामीन मिळाला तेव्हा घर रिकामं होतं. त्रिवेणीनं सायलीला घेऊन नारायणगुडा गाठलं होतं. फोनवर ती म्हणाली, "मी तिसऱ्यांदाची वाट बघत होते. ती वेळ दुसऱ्या कुणावर आली, एवढंच." त्यानं काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला.

जूनमध्ये तातेरावांचा मुलगा प्रबुद्ध आला. सव्वीस वर्षांचा, एका बँकेत नोकरीला. शिवराज दिलसुखनगरला वकिलाकडून निघाला होता, भर दुपार, बस स्टँडमागची गल्ली. प्रबुद्धसोबत त्याचे दोन मित्र होते. एकाच्या हातात क्रिकेटचा स्टंप होता. प्रबुद्धनं नाव विचारलं, शिवराजनं सांगितलं, आणि स्टंप गुडघ्यावर आला. तो खाली पडला. लाथा बसू लागल्या, पोटात, पाठीत, तोंडावर. पडल्या पडल्या त्याच्या हाताला अर्धी वीट लागली. बोटांनी ती धरली, सवयीनं. प्रबुद्धचं डोकं हातभर अंतरावर होतं, डावी बाजू त्याच्याकडे. शिवराजनं वीट उचललीसुद्धा. मग त्याला त्या पोराचा कान दिसला आणि बोटं ढिली पडली. वीट सोडली, पण ती त्याच्या हातात एका मित्रानं पाहिली होती. स्टंप त्या हातावर उतरला आणि दोन बोटं मोडली.

"माझा बाप रात्रभर कुशी बदलत राहतो," प्रबुद्ध धापा टाकत म्हणाला. "कानातला आवाज थांबत नाही म्हणतो. तू झोपतोस का रे?"

ते गेले. पानवाल्यानं पाणी आणून दिलं आणि रिपोर्ट लिखवाओ भाई म्हणाला. शिवराज नक्को म्हणाला. दवाखान्यात त्यानं जिन्यावरून पडलो असं सांगितलं.

केस उभी राहायला दोन वर्षं गेली. वकिलाचं म्हणणं होतं, ढकलाढकलीत म्हातारा घसरला, टेबल लागलं, असं सांगू. साक्षीदार ऑफिसातलेच आहेत, मालक त्यांना समजावेल. आई पद्मावतीनंही हात जोडले. हिम्मतराव तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. ते फक्त म्हणाले, मर्दासारखा राहा, आणि शिवराजनं प्रथमच त्यांना विचारलं की म्हणजे नेमकं कसं. हिम्मतराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

कोर्टात तातेराव पहिल्या ओळीत बसले होते. कुणी बोलायला लागलं की उजवा कान त्याच्याकडे वळवायचे. त्यामुळे ते सतत कुणाकडे तरी मान तिरकी करून बघतायत असं वाटायचं. न्यायाधीशांनी आरोप वाचला आणि कबूल आहे का विचारलं. वकिलानं त्याच्या बाहीला हात लावला.

"मारलं, साहेब," शिवराज म्हणाला. "तीन थपडा कानावर मारल्या. ढकललं. पडल्यावर लाथ मारली. त्यांनी काही केलं नव्हतं."

आठ महिन्यांची शिक्षा झाली. बॅरेकमध्ये तिसऱ्याच दिवशी एका धिप्पाड माणसानं झोपायच्या जागेवरून भांडण काढून त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. त्यानं जागा दिली. असं पुन्हा दोनदा झालं. भित्रा म्हणून नाव पडलं. रात्री अंग ठणकायचं आणि हात शिवशिवायचे. हात शिवशिवणं काही थांबलं नाही, हे त्याला स्वतःशी मान्य करावं लागलं. तो ते हात मांडीखाली दाबून बसायचा.

सुटून आल्यावर नोकरी कुणी देईना. शेवटी एका छोट्या क्लासनं त्याला ठेवलं, दुपारच्या बॅचला गिट शिकवायला. मालकीणबाईंना त्यानं जेलचं आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, वर्गाचं दार उघडं ठेवून शिकवायचं. दर रविवारी दोन तास सायली त्याला भेटते, त्रिवेणीच्या भावाच्या घरी, भाऊ समोर बसलेला असताना. सायली आता आठ वर्षांची आहे. त्यानं पाण्याच्या ग्लासाला हात घातला तरी ती जराशी मागे सरकते. पहिल्यांदा त्याला ते दिसलं तेव्हा तो घरी येऊन कितीतरी वेळ न्हाणीत बसून होता. आता कुठलीही गोष्ट उचलायची असली तर तो आधी तिला सांगतो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी तो तातेरावांच्या घरी गेला. जायचं की नाही यात वर्ष गेलं होतं. दार त्यांच्या बायकोनं, सरुबाईनं उघडलं. कोर्टात तिनं त्याला पाहिलेलं होतं. ती दारातच उभी राहिली. आतून टीव्हीचा मोठा आवाज येत होता.

त्यानं सांगितलं, की माफी मागायला आलोय, आत येत नाही, इथूनच मागतो.

सरुबाईनं आत वळून बघितलं. तातेराव पाठमोरे बसले होते, भाजी निवडत. त्यांना दारावरचं काही कळलेलं नव्हतं.

"तीस वर्षं मी त्यांच्या डाव्या अंगाला झोपायले," ती म्हणाली. "अजून बी तिकडूनच बोलते मी. निम्म्या गोष्टी सांगून होतात, मग ध्यानात येतं. त्यांनला बोलवू का नको, तुम्हीच सांगा. बोलवलं तर येतील ते. चहा बी देतील. त्यांचा सभावच तसला हाय."

शिवराजनं आत तातेरावांच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाला, नका बोलवू.

तिनं मान हलवली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, नेहमी लावतात तसंच. तो जिना उतरून खाली आला. बारा वाजता सायलीकडे पोहोचायचं होतं. बस यायला वेळ होता, म्हणून तो चालत निघाला.